कोकणात समुद्राजवळच्या घराला बाहेरून काय लावायचं: क्लॅडिंग, प्लास्टर की चिरा तसाच?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. देवगड तालुक्यात समुद्रापासून तीनेकशे मीटरवर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, दुमजली घर उभं राहतंय, भिंती झाल्यात, छप्पर अजून बाकी आहे. तुम्ही न्यू जर्सीला भावाकडे राहून आलात, तिथे घरांना बाहेरून लावलेलं साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं क्लॅडिंगचं आवरण, आवडलं, आणि आता हातात एसीपी (अॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचं पॅनल), डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिकचं पॅनल), फायबर सिमेंट बोर्ड आणि लाकूड अशी चार कोटेशनं आहेत. गावचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय प्लास्टर करून रंग मारा, बाकी सगळं उगाच. तर यातलं खाऱ्या हवेत टिकेल काय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या घरांची बांधकामं आणि दुरुस्त्या हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर देऊन टाकतो मग कारणं सांगतो. चारही भिंतींना काही लावायची गरज नाही. तीन बाजूंना नीट केलेलं प्लास्टर पुरतं, पूर्व-उत्तरेला चांगला दर्जा भरलेला, म्हणजे सांधे मसाल्याने भरलेला, उघडा चिराही चालतो. पश्चिम आणि नैऋत्येची भिंत, त्यातही वरच्या मजल्याची, तिला मात्र वेगळं संरक्षण द्या, आणि ते फायबर सिमेंट बोर्डाचं किंवा चांगल्या कलर कोटेड पत्र्याचं असू दे, भिंतीपासून इंचभर सुटं, मागून हवा खेळेल असं. एसीपी आणि डब्ल्यूपीसी ही दोन कोटेशनं बाजूला ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी छप्पर बाहेर काढा, कारण ते अजून तुमच्या हातात आहे.

आता का ते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण भिंतीला मारतो तो नुसता पाऊस नाही, वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड मारते. सरळ पडणारा पाऊस छप्पर आणि छज्जा अडवतो, झड मात्र थेट भिंतीवर येते आणि मागून वारा दाबत असतो, त्यामुळे केसाएवढी भेग असली तरी पाणी आत ढकललं जातं. मोसमी वारा नैऋत्येकडून येतो म्हणून तीच बाजू आठ-आठ दिवस सलग भिजते, मध्ये वाळायला वेळच मिळत नाही. पूर्वेची भिंत त्याच घराची, त्याच गवंड्याने केलेली, त्याच रंगाची, आणि दहा वर्षांनी बघितली तर दोन वेगळ्या घरांच्या वाटतात. म्हणून चारही बाजूंचा एकच रेट लावून स्क्वेअर फुटावर कोटेशन देणारा माणूस तुमच्या घराचा विचार करत नाहीये, हे मी स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट मीठ. लाटा फुटतात त्यातून बारीक तुषार हवेत जातात, वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात आणि भिंतीवर, पत्र्यावर, स्क्रूच्या डोक्यावर बसतात. पहिल्या काही शे मीटरमध्ये हा मारा सगळ्यात जास्त, मग झपाट्याने कमी होतो. मध्ये सुरूचं बन किंवा माडांची दाटी असेल तर ती बरंच मीठ अडवते, तुमच्या समोर मोकळं कातळ असेल तर थेट घरावर. आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण आहे खरी. पावसाने धुतला जाणारा भाग मिठाने कमी गंजतो, आणि जिथे पाऊस पोचत नाही पण खारी हवा पोचते, म्हणजे वळचणीखाली, बाल्कनीच्या छताला, बोर्डाच्या मागे, तिथे मीठ वर्षभर साठत जातं आणि लोखंड तिथेच आधी जातं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं त्यामुळे तो पृष्ठभाग जानेवारीतसुद्धा रात्री दमट असतो. 

आता न्यू जर्सीच्या साइडिंगबद्दल. तिथल्या घराची भिंत लाकडी चौकटीची असते, तिला पाणी लागलं तर लाकूड कुजतं, म्हणून बाहेरून पाणी अडवणारा कागद-कापडासारखा थर आणि त्याच्यावर व्हिनाइल प्लॅस्टिकच्या एकावर एक चढणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या घट्ट ठोकत नाहीत, लांबट भोकांतून खिळा मारून सैल टांगतात, म्हणजे ऊन-थंडीत त्या सरकू शकतात. साइडिंगच्या मागे थोडं पाणी जाणारच हे धरूनच ते केलेलं असतं आणि ते पाणी खाली उतरून बाहेर पडतं. आपल्याकडे मात्र तेच साहित्य आणून दगडी भिंतीला सिलिकॉनने चिकटवतात, वरून-खालून बंद करतात, आणि आत शिरलेलं पाणी आतच राहतं. तिकडून घ्यायचं ते साहित्य नाही, मागची मोकळी जागा घ्यायची. क्लॅडिंग टिकतं की नाही हे त्या इंचभर पोकळीवर आणि ते धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर ठरतं, वरच्या पॅनलच्या ब्रँडवर फार कमी.

आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांना हे माहीत होतंच. मिरगाच्या आधी पडवीला आणि पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांची झापं बांधायचे, मातीची भिंत असायची ना, तिला झड लागली तर ती विरघळायची. झाप भिंतीला चिकटलेलं नसायचं, मागून वारा जायचा, भिंत कोरडी, आणि पाऊस संपला की झाप सोडून टाकायचं. छप्पर एवढं खाली आणि बाहेर आलेलं असायचं की पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. आजच्या घरांचं एलिव्हेशन पुण्या-मुंबईच्या बंगल्यासारखं सपाट करतात, छज्जा नाही, पॅरापेट (गच्चीचा कठडा) वर चढवलेला, खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला, आणि मग तीन पावसाळ्यांत भिंतीला ओल आली की वॉटरप्रूफिंगवाला शोधत फिरायचं.

तर तुमचं छप्पर बाकी आहे हे भाग्यच समजा. पश्चिमेला वळचण किमान तीन फूट बाहेर काढा, जमलं तर साडेतीन. वरच्या आणि खालच्या मजल्याच्या मध्ये एक उतरतं छोटं छप्पर भिंतभर फिरवा, कौलारू असो की पत्र्याचं, म्हणजे दुमजली उंच भिंत दोन ठेंगण्या भिंतींत वाटली जाते. खाली त्या बाजूला पडवी काढता आली तर खालच्या मजल्याचा प्रश्नच मिटला. चार कोटेशनांतल्या सगळ्यात महागड्या पॅनलवर जेवढा पैसा जाईल त्याच्यापेक्षा कमी पैशात हे होतं आणि पुढची तीस-चाळीस वर्षं काम करतं. पण बाहेर आलेल्या छपराला वारा खालून उचलतो हे विसरू नका, ट्रस (छपराचा सांगाडा) भिंतीत नीट बांधलेली हवी, जे.एस.डब्ल्यू.-टाटा कुठलाही पत्रा असू दे, जे-हुक किंवा स्क्रू कडेला जवळजवळ लागले पाहिजेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात आलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत छपरं गेली, पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. उडालेल्या पत्र्यांत मी जे बघितले त्यांत पत्रा फाटलेला क्वचितच होता, स्क्रूचं डोकं गंजून गेलेलं किंवा खालचा पाइपच गंजलेला असायचा.

आता चिऱ्याचं. तुमची भिंत जांभ्याची आहे म्हणजे तिच्यात मुळातच भोकं आहेत, पाणी शोषणार आणि वाळणार, हा तिचा स्वभाव. चांगला चिरा हवेत राहून कडक होतो, म्हणून खाणीतून काढलेला चिरा थोडे महिने उघड्यावर ठेवून मग वापरतात. पांढऱ्या-पिवळ्या मातीने भरलेल्या शिरा ज्या चिऱ्यात आहेत तो पश्चिमेच्या भिंतीत नको होता, ती माती झडीने धुऊन जाते आणि आरपार वाट होते. भिंत झाली आहे तर आता एक करा, उन्हात बाहेरून फिरून असे चिरे खडूने खुणा करा, तेवढी भोकं आधी मसाल्याने भरून घ्या. मग प्लास्टर करा नाहीतर दर्जा भरा.

उघडा चिरा ठेवायची हल्ली फॅशन आहे आणि दिसतोही सुंदर, मला स्वतःला आवडतो, पण तो पूर्व आणि उत्तर बाजूला किंवा खोल पडवीच्या आत ठेवा. दर्जा भरताना सांधा पाऊण इंच खोल खरवडून, धुऊन, ओला करून मग भरायचा, वरवर लिंपून नाही. त्याच्यावर लावायचं असेल तर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं पाण्यासारखं पातळ रिपेलंट लावा, ते दगडाच्या आत जातं, पाणी अडवतं पण वाफ बाहेर सोडतं. चमकणारं लॅकर किंवा व्हार्निश कृपा करून मारू नका. ते वरून पापुद्रा करतं, दगडात राहिलेला ओलावा बाहेर यायला बघतो, पापुद्रा पांढरा पडतो, सुटतो, आणि मग ते खरवडून काढायला मारण्यापेक्षा जास्त पैसे जातात. रिपेलंटही कायमचं नसतं, काही वर्षांनी परत मारावं लागतं, भिंतीवर पाणी टाकून बघायचं, थेंब ओघळून जायच्या ऐवजी दगड काळा पडायला लागला की वेळ झाली. आणि चिऱ्याच्या भिंतीला वरून जांभ्याच्या पातळ क्लॅडिंग टाइल्स चिकटवण्याचं खूळ आलंय, ज्याच्या घरी भिंतच चिऱ्याची आहे त्याने हे का करावं मला समजत नाही.

प्लास्टर. तुमचा कॉन्ट्रॅक्टर चुकीचं बोलत नाहीये, फक्त प्लास्टर कसं करतो हे त्याला विचारा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. पहिला प्रश्न वाळूचा. आपल्याकडे खाडीची वाळू सर्रास वापरतात, तिच्यात मीठ असतं, आणि खारी वाळू प्लास्टरमध्ये गेली की ती भिंत दर पावसाळ्यात आपोआप दमट होते, लोणा (पांढरा क्षार) फुटतो, आतली जाळी गंजते, वर कितीही भारी रंग मारा. काळ्या दगडाची धुतलेली प्लास्टर सँड घ्या. शंका असेल तर वाळू स्वच्छ, मीठ नसलेल्या पाण्यात, शक्य तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल, पाणी दुधासारखं पांढरं झालं की मीठ आहे. मिक्सिंगचं पाणीसुद्धा बघा, किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात आणि तेच पाणी सिमेंटमध्ये जातं.

बाहेरचं प्लास्टर दोन थरांत, मिळून २० मिलीमीटर. खालचा १२ मिलीमीटर १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), तो खरवडून ठेवायचा, वरचा ८ मिलीमीटर १:५ चा. वरचा थर खालच्यापेक्षा कडक नको, जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत असं समजून लोक वर १:३ मारतात आणि त्यालाच जाळ्यासारख्या भेगा पडतात. सिमेंट स्लॅगचं (भट्टीतली मळी मिसळलेलं) किंवा पीपीसी (राख मिसळलेलं) घ्या, मिठाच्या माऱ्याला ते बरं. इंटिग्रल वॉटरप्रूफिंग पावडर घालायची ती आयएस २६४५ या भारतीय मानकाची, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, मूठभर अंदाजाने नाही. कॉलम-बीम आणि चिरा जिथे भेटतात तिथे जाळी लावतातच, पण समुद्राजवळ कोंबडीजाळी नको, ती गंजून प्लास्टर फोडते, अल्कली सहन करणारी फायबर ग्लासची जाळी मिळते ती फूटभर रुंद लावा. खिडकीच्या कोपऱ्यांवरही तिरका तुकडा लावा, भेग तिथूनच निघते.

सगळ्यात जास्त घरं कशाने बिघडतात सांगू? मे महिन्याच्या घाईने. चाकरमानी मेमध्ये येणार, गृहप्रवेश करायचा, म्हणून एप्रिलअखेर प्लास्टर होतं, कडक उन्हात, पाणीटंचाईत क्युरिंग दोन-तीन दिवस कसंबसं, आठवड्याने पुट्टी, त्याच्यावर रंग, आणि सात जूनला मिरग. ओल्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो, रंग कोरडा होत नाही, ऑगस्टपर्यंत फोड. बाहेरचं प्लास्टर दिवाळीनंतर सुरू करा, किमान सात-दहा दिवस गोण्या बांधून पाणी मारा, मग महिनाभर तसंच सोडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग. गृहप्रवेश प्लास्टरवर झाला तरी वास्तुपुरुष रागावत नाही, रंग पुढच्या हिवाळ्यात मारता येतो. आणि बाहेर पुट्टी लावूच नका, ती गुळगुळीत दिसते पण झडीच्या बाजूला ती सगळ्यात आधी सुटते, सँडफेस किंवा स्पंज फिनिशवर थेट प्राइमर आणि दोन हात अॅक्रिलिक एक्स्टिरिअर इमल्शन.

रंगाबद्दल एवढंच की ओल कुठून येतेय ते कळल्याशिवाय जाड रबरी वॉटरप्रूफ रंग मारू नका. पाणी जर जोत्यातून वर चढत असेल किंवा पॅरापेटच्या माथ्यावरून उतरत असेल तर तो रंग ते आत कोंडून ठेवतो. जोत्यावर डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा थर, आहे का बघा, भिंतीलगतची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती करा, आणि खालच्या दीड फुटाला, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे उडतात, काळ्या दगडाचं स्कर्टिंग किंवा सरळ उघडा काळा दगड ठेवा. छज्ज्याच्या आणि खिडकीच्या सिलच्या खालच्या कडेला ड्रिपची खाच हवी, ती नसली की पाणी खालून वळून भिंतीवर येतं. अर्ध्या इंचाची खाच, गवंड्याला लाकडी पट्टी दाबून करायला फुकट होते, आणि दहापैकी जेमतेम दोन घरांत मला ती दिसते.

आता क्लॅडिंग. फायबर सिमेंट बोर्ड मी पहिला ठेवतो. सिमेंट, वाळूची पूड आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांचं ते असतं, वाळवी लागत नाही, कुजत नाही, जळत नाही, मीठ त्याला फारसं काही करत नाही. घेताना आयएस १४८६२ चा आणि त्यातला बाहेरच्या वापरासाठीचा टाइप ए असं बिलावर लिहून घ्या, अॅस्बेस्टॉसविरहित आहे हेही. दुकानदार बऱ्याचदा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड दाखवतो, दिसायला तसाच, स्वस्त, पण तो आतल्या पार्टिशन-सीलिंगचा आहे, झडीच्या भिंतीसाठी तो नाही. जाडी आठ मिलीमीटरच्या खाली नको, पट्ट्यांच्या ऐवजी मोठी शीट लावणार असाल तर दहा. बोर्डाच्या कापलेल्या कडा हाच त्याचा कच्चा दुवा, त्यातून तो पाणी पितो, म्हणून कापल्या कापल्या कडेला प्राइमर, आणि लावायच्या आधी मागच्या बाजूलासुद्धा एक हात. हे काम पोरांना कंटाळवाणं वाटतं, तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी तिथे उभं राहा. आणि बोर्ड कापणाऱ्या पोरांना साधा रुमाल नाही, चांगला डस्ट मास्क द्या, पाणी मारत कापायला लावा, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते ती निघत नाही.

लावायची पद्धत: आधी भिंतीला एक थर प्लास्टर किंवा निदान दर्जा पक्का, कारण बोर्ड हा पहिला बचाव आहे, भिंत दुसरा. मग उभ्या पट्ट्या, इंचभर जाडीच्या, दर दीड फुटाच्या आत एक. आडव्या पट्ट्या मारल्या की पाणी त्यांच्यावर अडतं, हवा चढत नाही, तेव्हा उभ्याच. खाली आणि वर फट उघडी, तिला बारीक जाळी, नाहीतर आत गांधीलमाश्या, पाली आणि उंदीर संसार मांडतात आणि त्यांच्या मागे साप येतो. बोर्डाची खालची कड जमिनीपासून किमान सहा-आठ इंच वर. दोन बोर्डांत तीन-चार मिलीमीटर फट, आडव्या सांध्यावर वरचा बोर्ड खालच्यावर चढलेला किंवा मध्ये झेड आकाराची अॅल्युमिनियमची पट्टी. अशी भिंत पावसाळ्यात आतून हात लावून बघा, कोरडी लागते, आणि दुपारचं पश्चिमेचं ऊनही बोर्डावर मरतं, खोली थंड राहते, हा फायदा एप्रिलमध्ये कळतो.

बजेट कमी असेल तर पत्रा. गॅल्व्हल्यूम म्हणतात तो, अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप, १५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा, त्याच्यावर कलर कोट, जाडी ०.५० मिलीमीटर. पत्र्यावर छापलेलं असतं ते वाचा, ०.३५ चा पत्रा ०.५० म्हणून खपवतात, मायक्रोमीटर घेऊन जा. वॉरंटीच्या कागदात समुद्रापासून किती अंतराच्या आत वॉरंटी नाही हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही वाचा. साधा नुसता जस्ताचा पत्रा तीनशे मीटरवर मी लावणार नाही. खिशाला परवडलं तर पूर्ण अॅल्युमिनियमचा पत्रा मिळतो, तो या हवेत उत्तम. पावसात आवाज होतो, पण भिंतीवरचा पत्रा छपराएवढा वाजत नाही.

एसीपी का नको? दोन पातळ अॅल्युमिनियमचे थर आणि मध्ये प्लॅस्टिक, स्वस्त मालात ते साधं पॉलिएथिलीन, जे पेटतं. लंडनला १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली, तिथे आग वर चढली ती याच जातीच्या क्लॅडिंगमधून. घराला, जिथे मुलंबाळं झोपतात, तिथे हे का लावायचं. शिवाय समुद्राजवळ कापलेल्या कडेतून अॅल्युमिनियम पांढरं पडत आत खात जातं, मागचा लोखंडी पाइप आणि अॅल्युमिनियम यांच्यात मिठाचं पाणी गेलं की लोकांच्या भाषेत बॅटरी होते आणि अॅल्युमिनियम जिरतं. सिलिकॉनचा सांधा पाच-सहा वर्षांत सुटतो, मग पाणी आत, आणि बाहेरून काही दिसत नाही.

डब्ल्यूपीसीचे लुव्हर पॅनल सुंदर दिसतात, पण बाजारात जे मिळतात त्यातले बरेचसे आतल्या सजावटीचे आहेत. प्लॅस्टिक उन्हात वाढतं, तीन मीटरचं पीव्हीसी जातीचं पॅनल सकाळ-दुपारच्या तीस अंशांच्या फरकाने पाच-सहा मिलीमीटर लांब होतं, पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंगाचं असेल तर फरक त्याहून मोठा, आणि घट्ट ठोकलेलं असेल तर ते पोट काढतं. पोर्चच्या छताला, सावलीत लावा हवं तर.

लाकूड मला मनापासून आवडतं. जुना साग, ऐन, फणस यांच्या फळ्या वळचणीखाली पन्नास वर्षं राहिलेल्या मी बघितल्यात, काजूच्या टरफलाचं तेल पाजलेल्या. पण उघड्या झडीत नको, आणि आजचा कोवळा सागवान जुन्यासारखा नाही. तुम्हाला हवंच असेल तर दर्शनी पडवीच्या आतल्या भिंतीला लावा आणि दर एक-दोन वर्षांनी तेल देण्याची तयारी ठेवा. लांब राहून ते होणार नसेल तर नको.

आता स्क्रू, ज्याच्याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळही नसते आणि सगळं त्याच्यावर लटकलेलं असतं. फॅब्रिकेटर म्हणेल एसएसचे लावतो. एसएस म्हणजे कुठलं हे विचारा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बऱ्याचदा ४१० ग्रेडचे असतात, ते समुद्राजवळ गंजतात. लोहचुंबक घेऊन जा, स्क्रूला घट्ट चिकटला तर तो ४१० किंवा नुसता पॉलिश मारलेला लोखंडी. ३०४ चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, ठीक आहे, पण तीनशे मीटरवर चहाच्या डागासारखा तपकिरी पडतो. ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला तो टिकतो. चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, बोल्टच्या डोक्यावर ए४ लिहिलेलं असतं तो ३१६, ए२ म्हणजे ३०४. स्क्रू महाग पडतात हे मान्य, पण एका भिंतीच्या सगळ्या स्क्रूंचा फरक एका बोर्डाच्या किमतीच्या आसपास येतो आणि त्याच्यासाठी लोक आख्खी भिंत पणाला लावतात.

पट्ट्या अॅल्युमिनियमच्या घ्या. लोखंडी पाइपला रेड ऑक्साइड मारून चालेल म्हणतील, बोर्डाच्या मागे तो परत कधी रंगवणार? लोखंडच घ्यायचं तर आधी कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून मग हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेलं, नंतर साइटवर एकही वेल्ड नाही. अॅल्युमिनियम आणि स्टीलच्या मध्ये नायलॉनचे किंवा ईपीडीएम रबराचे वॉशर. चिरा पोकळ असतो म्हणून त्यात साधा रावल प्लग धरत नाही, लांब नायलॉन फ्रेम फिक्सिंग किंवा स्लीव्ह घालून केमिकल अँकर वापरा, आणि शक्य तिथे बीम-कॉलममध्येच पकड घ्या.

वाऱ्याचा हिशोब एकदा स्वतः करून बघा म्हणजे स्क्रू का मोजायचे ते कळेल. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईला ४४ आणि पणजीला ३९ मीटर प्रति सेकंद मूळ वेग धरलाय, तुम्ही मध्ये आहात, ४४ धरा. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरला ११६० न्यूटन, म्हणजे साधारण ११८ किलो. आठ बाय चारच्या एका शीटवर साडेतीनशे किलो, आणि घराच्या कोपऱ्यांना वारा ढकलत नाही, ओढतो, आणि मधल्या भागापेक्षा जास्त जोराने ओढतो. म्हणून कडेच्या तीन-चार फुटांच्या पट्ट्यात स्क्रू निम्म्या अंतरावर.

देखभाल फार नाही पण आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरात आणि मग हिवाळ्यात एक-दोनदा गोड्या पाण्याचा पाइप घेऊन भिंत धुवायची, मुख्यतः वळचणीखालचा कोरडा राहणारा भाग, खिडक्यांचे ट्रॅक, ग्रिल. शेवाळ आलं तर पातळ ब्लीचिंगचं पाणी ब्रशने लावून लगेच भरपूर पाण्याने धुवा, पण स्टीलच्या स्क्रूवर ते राहू देऊ नका. मेमध्ये सांधे बघा, सीलंट सुटलं असेल तर काढून नवीन भरा, न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे आंबट वास न येणारं; व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिमेंटला आणि धातूला चालत नाही.

तुम्ही आता करायचं ते असं. छपराचं ड्रॉइंग थांबवून वळचण आणि मधलं छप्पर वाढवून घ्या. प्लास्टर दिवाळीनंतर, वाळू बघून. पश्चिमेच्या वरच्या भिंतीचं बोर्डाचं काम जानेवारी ते मार्च, तिथलं प्लास्टर सुकल्यावर. क्लॅडिंगवाल्याला अॅडव्हान्स द्यायच्या आधी त्याच्याकडून हात दोन हात लांबीचा एक नमुना बनवून मागा, पट्टी, वॉशर, स्क्रू, बोर्डाची रंगवलेली कड, खालची जाळी सगळं लावलेला, आणि तो साइटवर भिंतीला टेकवून काम संपेपर्यंत ठेवा. पोरं बदलतात, मुकादम बदलतो, नमुना समोर असला की काय करायचं यावर वाद होत नाही. जो नमुना बनवायला तयार नाही त्याला काम देऊ नका. वळचणीचं मोजमाप आणि पश्चिमेच्या भिंतीचा फोटो टाकलात तर पट्ट्या कुठे याव्यात ते मी खुणा करून देतो.